साहेब कोणत्या पक्षाचे?

गेली पस्तीसहून अधिक वर्षे मी बुलढाणा जिल्ह्यातल्या न्यायालयांमध्ये वकिली करतो आहे. आधी काही वर्षे मेहकरला, पुढे बुलढाण्याच्या जिल्हा न्यायालयात. एवढ्या वर्षांत अशिलांनी मला हजारो प्रश्न विचारले. बहुतेक प्रश्न तारखेचे, फीचे, नाही तर 'आपलं होईल ना?' या एकाच काळजीचे. पण एक प्रश्न मात्र मी कधी विसरलो नाही. खामगाव तालुक्यातला एक म्हातारा शेतकरी होता. धुऱ्यावरून चुलतभावाशी दावा चालू होता. पुकारा व्हायची वाट पाहत आम्ही व्हरांड्यात उभे होतो. त्या आठवड्यात न्यायालयात नवे न्यायाधीश रुजू झाले होते. म्हाताऱ्याने दाराच्या फटीतून त्यांना नीट न्याहाळले आणि माझ्या कानाशी येऊन विचारले, "वकीलसायेब, हे सायेब कोन्या पार्टीचे हायेत जी?"

मी हसलो. न्यायाधीशांना पार्टी नसते, असे त्याला सांगितले. त्याचे काही समाधान झाले नाही. "मानूस म्हनल्यावर पार्टी असतेच नं," असे पुटपुटत तो बाकावर जाऊन बसला.

हा प्रसंग पुन्हा आठवला तो माझ्या एका ज्युनिअरमुळे. मुलगी हुशार, कष्टाळू. तीन वर्षे माझ्या हाताखाली काम करते आहे. न्यायाधीशपदाची परीक्षा द्यायची तिची फार इच्छा. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, या पदासाठी किमान तीन वर्षांची वकिली हवी, ही अट सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये पुन्हा लागू केली, तेव्हा परीक्षेची तयारी करणारी कित्येक मुले हिरमुसली. ही मात्र शांत होती, कारण ती आधीपासूनच रोज व्हरांड्यात उभी होती. एके दिवशी संध्याकाळी कार्यालय बंद करता करता तिने विचारले, "सर, आमच्या वॉर्डातून मला नगरपालिकेला उभं राहा म्हणतात. एका पक्षाचं तिकीटही मिळेल. उभी राहिले तर पुढे न्यायाधीश होता येईल का?"

प्रश्न सरळ होता. उत्तर मात्र मला त्या संध्याकाळी देता आले नाही. मी तिला आठ दिवस थांबायला सांगितले. हा लेख म्हणजे त्या आठ दिवसांचा हिशेब आहे.

आधी कायद्याचे पाहू. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश कोण होऊ शकतो हे राज्यघटनेच्या २१७ व्या कलमात सांगितले आहे. तो भारताचा नागरिक हवा आणि त्याने दहा वर्षे न्यायिक पद सांभाळलेले हवे किंवा उच्च न्यायालयात दहा वर्षे वकिली केलेली हवी. जिल्हा न्यायाधीश म्हणून थेट नेमणूक व्हायची तर २३३ व्या कलमाप्रमाणे सात वर्षांची वकिली लागते. उमेदवार पूर्वी कोणत्याही पक्षात नसावा, त्याने निवडणूक लढवलेली नसावी, अशी अट घटनाकारांनी कुठेही घातलेली नाही. आता, न्यायासनावर बसल्यानंतर राजकारणाशी संबंध ठेवता येत नाही, हे वेगळे. पण मागचा रस्ता त्यांनी बंद केलेला नाही. घटना समितीत निम्मे लोक वकील होते की काय असे वाटावे, इतके वकील होते आणि त्यातले बहुतेक राजकारणातही होते. वकिली, कायदेमंडळ आणि न्यायालय ही त्यांच्या लेखी एकाच वाड्याची तीन दालने होती.

ही परंपरा स्वातंत्र्याच्याही आधीची आहे आणि ती आपल्या मुंबई इलाख्यातच रुजली. काशिनाथ त्रिंबक तेलंग १८८४ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळाचे सभासद झाले आणि १८८९ मध्ये उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती. बद्रुद्दीन तय्यबजी १८८२ मध्ये कायदेमंडळात होते, १८८७ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष होते आणि १८९५ मध्ये न्यायमूर्ती झाले. पण या परंपरेचा सगळ्यात पूर्ण नमुना पाहायचा तर सर नारायण गणेश चंदावरकर यांच्याकडे पाहावे लागेल.

चंदावरकर मूळचे होनावरचे. मुंबईत शिकले, वकील झाले, 'इंदुप्रकाश'च्या इंग्रजी बाजूचे संपादन केले. १८८५ मध्ये हिंदुस्थानची बाजू मांडण्यासाठी इंग्लंडला गेले. मुंबईच्या कायदेमंडळात त्यांनी काम केले. १९०० च्या डिसेंबरात लाहोरला भरलेल्या काँग्रेसचे ते अध्यक्ष झाले आणि १९०१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती! आज एखाद्या राष्ट्रीय पक्षाचा अध्यक्ष पुढच्याच वर्षी न्यायासनावर बसला तर काय गहजब होईल, याची वाचकांनी कल्पना करावी. निवृत्तीनंतर १९२१ मध्ये ते पुन्हा कायदेमंडळात गेले, ते थेट मुंबईच्या नव्या कायदेमंडळाचे अध्यक्ष म्हणून. १९२३ मध्ये त्यांचे निधन झाले तेव्हा ते त्याच पदावर होते.

या मंडळींनी न्यायासनावर बसून केले काय? इथे इतिहास मोठा गमतीचा आहे, आणि थोडा कठोरही. १८९७ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांना आधी नाकारला गेलेला जामीन दिला तो तय्यबजींनी. हा जामीन मागायला टिळकांच्या बाजूने उभे होते दिनशा दावर. अकरा वर्षांनी, १९०८ मध्ये, तेच दावर न्यायमूर्ती होते, समोर तेच टिळक होते आणि दावरांनी त्यांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. आणि चंदावरकर? नाशिकच्या कटाच्या खटल्यासाठी जे तीन न्यायमूर्तींचे खास न्यायासन बसले, त्यात मुख्य न्यायमूर्ती बेसिल स्कॉट यांच्या शेजारी चंदावरकर होते. डिसेंबर १९१० मध्ये याच न्यायासनाने विनायक दामोदर सावरकरांना जन्मठेप दिली.

म्हणजे काँग्रेसचे दोन माजी अध्यक्ष. एकाने राजद्रोहाच्या आरोपीला जामीन दिला, दुसरा क्रांतिकारकाला जन्मठेप देणाऱ्या न्यायासनात बसला. आणि ज्याने जामीन मागितला होता, त्यानेच पुढे शिक्षा दिली. पूर्वीच्या मतांवरून पुढचा निकाल ओळखता येत नाही, एवढे तरी यावरून दिसते. दावर आणि चंदावरकर यांचे निकाल आपल्याला आवडोत वा न आवडोत, त्यांनी जुन्या मित्रांना झुकते माप दिले असा आरोप त्यांच्यावर कोणी करू शकणार नाही. उलट, सरकारने दिलेल्या खुर्चीचे वजन त्यांच्यावर जास्त पडले का, असा प्रश्न मात्र जरूर विचारता येईल. मला वाटते, खरी मेख इथेच आहे. न्यायाधीशाने पूर्वी कोणता झेंडा धरला होता यापेक्षा त्याला खुर्ची कोणी दिली आणि पुढची खुर्ची कोण देणार आहे, हा प्रश्न मोठा आहे.

स्वातंत्र्यानंतरचे सर्वांत ठळक उदाहरण केरळचे व्ही. आर. कृष्ण अय्यर यांचे. तेलिचेरीचे वकील. १९५२ मध्ये मद्रास विधानसभेत निवडून आले. १९५७ मध्ये कम्युनिस्टांच्या पाठिंब्याने अपक्ष म्हणून केरळ विधानसभेत आले आणि नंबुद्रीपाद यांच्या मंत्रिमंडळात मंत्री झाले. कायदा, गृह, तुरुंग अशी खाती त्यांच्याकडे होती. १९५९ मध्ये केंद्राने ते सरकार बरखास्त केले. अय्यर पुन्हा काळा कोट घालून न्यायालयात गेले. १९६८ मध्ये ते केरळ उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले आणि १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे. त्या वेळी मुंबईतल्या काही नामवंत वकिलांनी त्यांच्या नेमणुकीला जाहीर विरोध केला होता. कम्युनिस्ट सरकारातला मंत्री निःपक्षपाती कसा राहणार, हा त्यांचा मुद्दा. विरोध करणाऱ्यांमध्ये सोली सोराबजी होते आणि पुढे आपली चूक झाली हे त्यांनी मोकळेपणाने मान्यही केले.

जून १९७५ मध्ये अलाहाबादच्या निकालाविरुद्ध इंदिरा गांधींचा अर्ज सुटीतले न्यायमूर्ती म्हणून अय्यर यांच्यासमोरच आला. ज्यांच्या सरकारच्या काळात त्यांची सर्वोच्च न्यायालयात नेमणूक झाली, त्याच पंतप्रधानांचा अर्ज. २४ जूनला त्यांनी सशर्त स्थगिती दिली. बाईंना पंतप्रधान राहता येईल, सभागृहात बसता येईल, पण खासदार म्हणून मत देता येणार नाही. पूर्ण स्थगिती त्यांनी दिली नाही. दुसऱ्याच रात्री आणीबाणी आली. या आदेशावर अजूनही दोन्ही बाजूंनी टीका होते. दोन्ही बाजूंनी टीका होते, हे न्यायाधीशाच्या दृष्टीने फारसे वाईट लक्षण नव्हे.

पण माझ्यासारख्या जिल्ह्याच्या वकिलाला कृष्ण अय्यर आठवतात ते दुसऱ्याच एका निकालासाठी. मध्य प्रदेशातल्या रतलाम शहरात उघड्या गटारांनी लोक हैराण झाले होते. दंडाधिकाऱ्याने नगरपालिकेला गटारे बांधायचा आदेश दिला. नगरपालिका म्हणाली, पैसे नाहीत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९८० मध्ये अय्यर यांनी निकाल दिला की, पैसे नाहीत ही सबब नगरपालिकेला पुढे करता येणार नाही; लोकांना घाणीतून सोडवणे हे तिचे कर्तव्यच आहे. हा निकाल मी कितीदा तरी वाचला आहे. ज्याने अर्थसंकल्प कसा बनतो हे मंत्रालयात बसून पाहिले आहे, ज्याला 'निधी नाही' या दोन शब्दांच्या मागे काय काय दडलेले असते हे माहीत आहे, त्याचीच ही भाषा. तुरुंगातल्या कैद्यांविषयीच्या त्यांच्या निकालांचेही तेच. १९७८ च्या सुनील बात्रा प्रकरणात कैद्याचेही मूलभूत हक्क तुरुंगाच्या दारात संपत नाहीत, असे सांगणारा न्यायमूर्ती पूर्वी तुरुंग खात्याचा मंत्री होता आणि त्याही आधी १९४८ मध्ये स्वतः तुरुंगात राहून आला होता. राजकारणाने त्यांना न्यायासाठी नालायक केले नाही. उलट जे इतर न्यायमूर्तींना पुस्तकातून वाचावे लागत होते, ते त्यांना डोळ्यांनी पाहायला मिळाले.

आपल्याच मुंबई उच्च न्यायालयातले उदाहरण फर्दिनो रिबेलो यांचे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ते गोव्याच्या विधानसभेत जनता पक्षाचे आमदार होते. १९९६ मध्ये ते उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले आणि २०१० मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती. महाराष्ट्रात २००५ मध्ये डान्सबारवर बंदी घालणारा कायदा झाला. विधिमंडळात त्याला विरोध नव्हता, वृत्तपत्रांत त्याचे कौतुक होते. रिबेलो आणि रोशन दळवी यांच्या खंडपीठाने एप्रिल २००६ मध्ये तो रद्द केला. मोठ्या तारांकित हॉटेलांत नाच चालतो आणि साध्या बारमध्ये चालत नाही, हा भेद घटनेत बसत नाही, आणि कामाचा हक्क असा काढून घेता येत नाही, असे त्यांनी म्हटले. जुलै २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तो निकाल उचलून धरला. निकाल पटो न पटो, एक गोष्ट ध्यानात घ्यावी. विधिमंडळाच्या एकमताला नाही म्हणणारा हा न्यायमूर्ती स्वतः कधी काळी अशाच एका विधिमंडळाच्या बाकावर बसलेला होता. सभागृहात हात वर करताना प्रत्येकाने कायदा वाचलेला असतोच असे नाही, हे त्याला ठाऊक असणार!

इथपर्यंत वाचून वाचकांना वाटेल की, हा वकील आता सगळ्या आमदारांना न्यायमूर्ती करा म्हणणार. तसे नाही. दुसरी बाजूही पाहिलीच पाहिजे. आसामचे बहरुल इस्लाम १९६२ पासून राज्यसभेत काँग्रेसचे खासदार होते. १९७२ मध्ये ते थेट गुवाहाटी उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. १९८० मध्ये तिथून मुख्य न्यायमूर्ती म्हणून निवृत्त झाल्यावर त्याच वर्षी त्यांना सर्वोच्च न्यायालयात आणण्यात आले. १९८२ च्या डिसेंबरात बिहारचे मुख्यमंत्री जगन्नाथ मिश्र यांच्यावरचा सहकारी बँकेचा खटला मागे घेऊ देणाऱ्या बहुमताच्या निकालात ते होते. पुढच्याच महिन्यात त्यांनी न्यायमूर्तिपदाचा राजीनामा दिला आणि काँग्रेसची उमेदवारी स्वीकारली. निकाल प्रामाणिकपणे दिलेला असेलही. पण त्यानंतर तो प्रामाणिक होता हे लोकांना पटवून देण्याची सोय त्यांनी स्वतःच ठेवली नाही. कोलकाता उच्च न्यायालयाचे अभिजित गंगोपाध्याय यांनी मार्च २०२४ मध्ये राजीनामा दिला, भाजपमध्ये प्रवेश केला आणि लोकसभेवर निवडून गेले, तेव्हाही त्यांच्या आधीच्या निकालांची पाने लोकांनी उलटी-सुलटी करून पाहिलीच.

म्हणजे राजकारणातून न्यायालयात येणाऱ्या वाटेपेक्षा न्यायालयातून राजकारणात परत जाणारी वाट जास्त धोक्याची आहे. पहिलीत फक्त भूतकाळाचा संशय असतो. दुसरीत भविष्यातल्या मेहेरबानीचा. ज्याला परत जायचे नाही, त्याला कोणाला खूश ठेवायचे कारण उरत नाही.

हा वाद आपल्याकडे अगदी अलीकडे पुन्हा पेटला. २०२५ च्या जुलैअखेर आरती साठे यांच्या नावाची शिफारस मुंबई उच्च न्यायालयासाठी झाली. त्या पूर्वी भाजपच्या प्रवक्त्या होत्या आणि ते काम त्यांनी आदल्या वर्षीच्या सुरुवातीला सोडले होते. विरोधी पक्षाने आक्षेप घेतला, सत्ताधाऱ्यांनी जुने दाखले दिले आणि ऑगस्टमध्ये नेमणूक झालीही. त्याआधी २०२३ मध्ये मद्रास उच्च न्यायालयातल्या एका नेमणुकीवर असाच आक्षेप सर्वोच्च न्यायालयात गेला होता. पात्रता आम्ही तपासू, योग्यता तपासणे आमचे काम नाही, असे म्हणून न्यायालयाने तो फेटाळला. त्या पीठावर आपल्या अमरावतीचे भूषण गवई होते. माझीही पार्श्वभूमी राजकीय आहे आणि ती इतक्या वर्षांत आड आलेली नाही, अशा अर्थाचे ते त्या वेळी बोलले. त्यांचे वडील रा. सू. गवई यांनी विधान परिषदेत किती वर्षे काढली हे विदर्भाला सांगायला नको. त्याच वर्षी जुलैमध्ये राहुल गांधींचे प्रकरण समोर आले तेव्हा, वडिलांचा काँग्रेसशी जवळचा संबंध होता आणि भाऊ राजकारणात आहे, हे त्यांनी सुनावणीच्या आधीच दोन्ही बाजूंना सांगितले आणि कोणाची हरकत असेल तर विचारून घेतले. मला ही रीत फार आवडली. पार्टी लपवू नये. टेबलावर ठेवावी आणि मग कामाला लागावे.

आता माझ्याविषयी. एवढे सगळे लिहून स्वतःचे लपवणे बरे नव्हे.

१९९२ मध्ये मी पंचायत समितीला उभा होतो. पक्षाचे तिकीट होते. वय तिशीच्या आत, अंगात रग. गावोगाव फिरलो, सभा घेतल्या आणि सपाटून पडलो. दुसऱ्या पक्षाचे अशील वर्ष-दोन वर्षे माझ्याकडे फिरकले नाहीत. मग एक दिवस एक जण आला. माझी पोस्टरे फाडणाऱ्यांत तो पुढे होता, हे मला चांगले माहीत होते. वाटणीचा दावा घेऊन आला होता. मी विचारले, "माझ्याकडे कसा काय?" तो म्हणाला, "तुमी पडले म्हनून आलो. निवडून आले असते तं आलो नसतो."

त्याचा दावा मी चालवला, मनापासून चालवला. पण काही वर्षांनी जिल्हा न्यायाधीशपदासाठी अर्ज करायची वेळ आली तेव्हा मी तो भरला आणि कपाटात ठेवून दिला. न्यायाधीशाच्या शपथेत चार गोष्टी टाळायला सांगितल्या आहेत. भय, मेहेरनजर, माया आणि आकस. पहिल्या तिघींची मला भीती वाटत नव्हती. चौथीने अडवले. ज्याने मला पाडले तो माणूस जर आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला, तर माझ्या मनात काहीच हलणार नाही, असे मी त्या वेळी शपथेवर सांगू शकत नव्हतो. वकिलाला आकस चालतो, कारण समोर दुसरा वकील असतो आणि वर न्यायाधीश असतो. न्यायाधीशाच्या वर त्या खोलीत कोणीच नसते. तो अर्ज अजून कपाटात आहे. पुढे हळूहळू आकस गेला, पण तोवर वय निघून गेले होते. या गोष्टीची खंत नाही असे म्हटले तर ते खोटे ठरेल.

आठ दिवसांनी मी ज्युनिअरला हे सगळे सांगितले. म्हटले, कायदा तुला अडवत नाही. निवडून आलीस तर नगरपालिकेची गटारे आतून पाहशील. रतलामचा निकाल कळायला त्याचा उपयोगच होईल. परीक्षा पास झालीस तर पद सोडावे लागेल, पक्ष सोडावा लागेल आणि सोडताना परतीचे तिकीट खिशात ठेवता येणार नाही. पण सगळ्यांत आधी एक गोष्ट बघ. पडलीस तर पाडणाऱ्याला, आणि निवडून आलीस तर निवडून देणाऱ्याला विसरायला तुला किती वर्षे लागतील? त्याचे उत्तर माझ्याकडे नाही, तुझ्याकडेच आहे.

ती बराच वेळ काही बोलली नाही. मग वकीलपत्रांचा गठ्ठा बांधता बांधता तिने विचारले, "सर, तुम्ही उभे होतात ते कोणत्या पक्षाकडून?"

मी सांगितले.

"खरंच? मला तर दुसराच वाटत होता," ती म्हणाली.

खामगावचा तो म्हातारा आता हयात नाही. धुऱ्याचा दावा तो जिंकला होता. निकालानंतर न्यायाधीशांच्या पार्टीविषयी त्याने पुन्हा काही विचारले नाही. मीही त्याला विचारले नाही की, चुलतभाऊ जिंकला असता तर त्याने काय म्हटले असते. ज्युनिअरने अजून तिकिटाबद्दल काही ठरवलेले नाही. परीक्षेचा अभ्यास मात्र चालू आहे. सकाळी साडेदहाला ती माझ्या आधी न्यायालयात येते आणि बोर्डावर आपल्या किती केसेस आहेत, ते मोजून ठेवते.